ग्रॅमीची बातमी छापलीत, आता रेकॉर्डही ऐका

रविवार पुरवण्यांचे संपादक, दिवाळी अंकांचे संपादक आणि गाण्याबजावण्यावर लिहिणारे समस्त समीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेचा. दर्ग्याच्या वाटेवर माझं कॅसेटचं दुकान होतं. १९८४ ला उघडलं, २००६ ला शटर ओढलं ते कायमचं. गाणं मी शिकलेलो नाही, वाजवता काही येत नाही. बावीस वर्षं गल्ल्यावर बसून ऐकलं, तेवढंच भांडवल. गिऱ्हाइकांत सतार-तंबोरे करणारे कारागीर होते, उरुसाला गायला येणारे गवई होते, इस्पितळातले डॉक्टर होते, आणि ‘पाहुणे येणारेत, फ्यूजन असेल तर द्या, मागे लावून ठेवायला’ असं म्हणणारेही होते. या शेवटच्या मंडळींवर माझा राग नाही. त्यांनी निदान पैसे मोजले.

राग आहे तो तुमच्यावर. थोडा. म्हणून हे पत्र.

६ फेब्रुवारी २०२४ ची वर्तमानपत्रं मी ठेवून दिलीत. झाकीर हुसेन यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी, राकेश चौरसियांना दोन, आणि ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘धिस मोमेंट’ला एक, ज्यात आपले शंकर महादेवन गातात. पाच पेपर चाळले. डंका होता, झेंडा होता, कोणाच्या हातात किती सोनेरी ग्रामोफोन आले याचा चोख हिशेब होता. झाकीरभाई, राकेशजी, बॅन्जोवाले बेला फ्लेक आणि डबल बासवाले एडगर मायर या चौघांची ‘ॲज वी स्पीक’ ही रेकॉर्ड कानाला कशी लागते, बासरी आणि बॅन्जो शेजारी बसल्यावर एकमेकांचं काय करतात, याबद्दल अर्धं वाक्य सापडलं नाही. बॅन्जोची तार छेडली की सूर टचकन उमटतो आणि लगेच विझतो. बासरीचा सूर श्वास पुरेल तोवर लांबतो. एकाला थांबता येत नाही, दुसऱ्याला तुटता येत नाही. मग चौघांनी वाट कशी काढली? पारितोषिक मिळालं असेल तर ते याच वाटेला मिळालं ना? पण ती चालून बघायला कोणी गेलंच नाही.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. पानंच्या पानं आली. कुरळे केस, माहीमचं बालपण, चहाची जाहिरात. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या रकान्यांत त्यांच्या चार रेकॉर्डी शेजारी ठेवून, ऐकून, १९७६ चा झाकीर आणि २०२३ चा झाकीर यांच्या हातात काय फरक पडला हे सांगणारा लेख मला तरी मिळाला नाही. कोणी लिहिला असेल तर कळवा, पायी येऊन नमस्कार करीन.

आपल्याकडे मैफलीवर लिहितात. सवाई झालं की लिहितात, कोणी पूरिया धनाश्री गायलं, कोणाला साथ कोणाची होती, शेवटी भैरवीनं सांगता झाली. मान्य. पण मैफल ऐकलेल्यानं लिहिलेलं मैफलीला न गेलेल्यानं वाचायचं, एवढाच त्याचा उपयोग. ती मैफल आता परत होणार नाही. रेकॉर्डचं उलट आहे. ती माझ्याकडेही आहे, तुमच्याकडेही आहे. तुम्ही लिहिलेलं मी त्याच संध्याकाळी ताडून बघू शकतो. समीक्षकाला याहून अवघड परीक्षा नाही, आणि मला संशय आहे की म्हणूनच तिकडे कोणी फिरकत नाही.

मागे मी एक प्रयत्न केला होता. २००५ साली एक सीडी आली, अमेरिकेतलं क्रोनॉस क्वार्टेट आणि आशा भोसले यांची, राहुलदेव बर्मन म्हणजे पंचमदा यांच्या गाण्यांची. क्रोनॉस म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. १९७३ पासून हे चौघांचं कुटुंब नव्या रचना वाजवतं, आफ्रिकेपासून कुठून कुठून संगीत गोळा करतं. आशाताई आमच्या सांगलीच्या, गोऱ्याला जन्मलेल्या. म्हटलं, यावर आपण लिहायलाच हवं. चार दिवस ऐकलं, फुलस्केपची सहा पानं लिहिली आणि एका दैनिकाला पाठवली. पंधरा दिवसांनी उपसंपादकाचा फोन. अतिशय सौजन्यानं त्यांनी विचारलं, ‘कार्यक्रम कधी आहे?’ म्हटलं, कार्यक्रम नाही, सीडी आहे. ‘मग आशाताईंची मुलाखत मिळेल का?’ मी कॅसेटवाला, मला कुठून मुलाखत मिळणार! लेख आला नाही. त्या गृहस्थांचं चुकलं असंही मला वाटत नाही. त्यांच्या पानावर कार्यक्रमाला जागा होती, मुलाखतीला होती, श्रद्धांजलीला तर कायमच असते. ऐकण्याला खणच नव्हता.

त्या सहा पानांत काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. मूळ गाण्यांत पंचमदांचा वाद्यमेळ म्हणजे जत्रा. ट्रम्पेट, इलेक्ट्रिक गिटार, बाटल्या, कंगवे, काय म्हणाल ते. क्रोनॉसच्या चौघांनी ती जत्रा तारांवर आणायचं ठरवलं, एकावर एक थर मुद्रित केले, जोडीला झाकीर हुसेनांचा तबला आणि वू मान या चिनी बाईंचं पिपा नावाचं तंतुवाद्य. काही ठिकाणी हे इतकं बेमालूम जमलं की चेलोची गज घासल्याची खरखर ऐकू येते तेव्हाच भान येतं. काही ठिकाणी मात्र चौघं मूळ गाण्याच्या इतके प्रेमात पडलेत की नुसती नक्कल होते, आणि नक्कल ऐकायची तर मूळच काय वाईट? पण माझ्या मते खरी गोष्ट आशाताईंच्या गळ्यात होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी आपल्याच तिशी-चाळिशीतली गाणी पुन्हा गायली. आवाजाची धार बोथट झालीय, श्वास ऐकू येतो, आणि ‘चुरा लिया’त पूर्वी जिथे खोडकरपणा होता तिथे आता आठवण येऊन बसलीय. तालात किंचित मागे रेलून गातात. तरुणपणी त्या तालाच्या पुढे पळायच्या. ही सीडी ग्रॅमीच्या नामांकनात आली, तेवढी बातमी मात्र सगळीकडे छापून आली.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हे फ्यूजन, आमचा विषय शास्त्रीय संगीत. बरं. मग शास्त्रीयाचंच बोलू.

दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ ला ते गेले. किराणा घराण्याचा हा मूळ पुरुष दक्षिणेत फिरला, कर्नाटक संगीत कान देऊन शिकला, आणि त्यागराजांची ‘राम नी समानमेवरु’ ही खरहरप्रिया रागातली कृती रेकॉर्डवर गायला. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. तेलुगू शब्द, उत्तरेचा गळा. सुरांचा हिशेब मांडला तर तो आपला काफी थाट, पण चाल काफीची नाही. ओळखीच्या घरात शिरावं आणि सगळं सामान वेगळ्या जागी मांडलेलं असावं तसं वाटतं. खाँसाहेबांच्या सरगमेवर कर्नाटकी छाप आहे हे मी दुकानात कौतुकानंही ऐकलंय आणि नाक मुरडूनही. याला त्या काळी फ्यूजन म्हणायची सोय नव्हती, म्हणून लोकांना गाण्याबद्दलच बोलावं लागलं. शब्द नव्हता तेच बरं होतं.

फ्यूजन या शब्दानं तुमचं काम फार सोपं करून टाकलंय. एकदा तो छापला की पुढे दोनच वाक्यं लागतात: ‘संगीताला सीमा नसतात’ किंवा ‘शुद्धतेचा बळी दिला’. दोन्हीसाठी रेकॉर्ड ऐकायची गरज नाही.

१९७६ ची ‘शक्ती’ची पहिली रेकॉर्ड घ्या. आदल्या वर्षी लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण. जॉन मॅक्लॉफ्लिन त्याआधी कानठळ्या बसवणारी विजेची गिटार वाजवत होता. इथे तो लाकडी गिटार घेऊन मांडी घालून बसला, शेजारी एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर, आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे मातीचा घडा. त्याच्या गिटारीचं एक बघण्यासारखं होतं. दोन पडद्यांमधलं लाकूड त्यानं खोलगट तासून घेतलं होतं, म्हणजे तार दाबून, ओढून मिंडीचं, सूर घसरत नेण्याचं, काम व्हावं. आणि वरून आडव्या जास्तीच्या तारा, आपल्या तरफेसारख्या. हे मी आमच्या गल्लीतल्या एका सतार करणाऱ्या चाचांना वाचून दाखवलं. ते जवारी, म्हणजे तारा टेकतात तो घोडीचा माथा, घासत होते. मान वर न करता म्हणाले, ‘म्हणजे त्याला सतार पाहिजे होती, फक्त भोपळा नको होता.’

हसलो आम्ही. पण विचार करा, या एका वाक्यात रेकॉर्डची निम्मी समीक्षा आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना कोणी काय सोडलं आणि काय सोडलं नाही, हेच तर ऐकायचं असतं. मॅक्लॉफ्लिननं आवाज सोडला, वीज सोडली, वाद्याचं लाकूड तासलं. वेग सोडला नाही. त्या रेकॉर्डमध्ये वेगाचा अतिरेक आहे असं मला आजही वाटतं, आणि घटम-तबल्याच्या सवाल-जवाबावर टाळ्या पडायला लागल्या की मी जरा उठून पाणी पिऊन येतो. ते माझं मत. तुमचं वेगळं असेल तर छापा, भांडू.

मिरजेतल्या माणसाला तंबोऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा ऐकून घ्या. पंढरपूरकडून भोपळे येतात, वाळतात, त्यांना तुनीच्या लाकडाची दांडी बसते, आणि शेवटी घोडीवर जवारी लागते. त्या जवारीत सगळा जीव. शस्त्रं घासणाऱ्या शिकलगारांच्या घरातून हा धंदा सुरू झाला आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. (त्याचीही बातमी तुम्ही छापलीत, आभारी आहे.) तंबोरा म्हणजे जमीन. ती रात्रभर हलत नाही, म्हणून तिच्यावर गंधाराला, म्हणजे ‘ग’ला, डोलता येतं. पाश्चात्त्य मेळात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, बदलत राहतात, म्हणजे जमीनच दर दोन पावलांनी सरकते. तिथे सूर स्थिर राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो. आता दरबारीचा कोमल गंधार घ्या. तो उतरलेला, आंदोलित, रिषभाकडे झुकणारा. त्याच्याखाली पियानोचा ठरीव गंधार धरला की दावणीला बांधलेल्या खोंडासारखं होतं, हिसके देतो पण जागचा हलत नाही. तेव्हा दोन परंपरा एकत्र आल्या की पहिला प्रश्न हा: जमीन कोणाची? सरकणारी की थांबलेली? व्हायोलिन, चेलो यांना पडदे नाहीत, ते गंधाराबरोबर झुकू शकतात. पियानोला ते शक्य नाही. म्हणजे ‘वेस्टर्नबरोबर जमतं का’ हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणत्या वाद्याबरोबर, कोणत्या रागात, तंबोरा चालू ठेवून की बंद करून, असं विचारलं पाहिजे. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला दार बंद केलं तेव्हा हाच वाद होता. निर्णय मला पटत नाही, पण वाद तरी सुरांवर होता.

रविशंकर आणि फिलिप ग्लास यांच्या १९९० च्या ‘पॅसेजेस’वर हाच प्रश्न लावून बघा. दोघांनी एकमेकांच्या सुरावटींवर रचना केल्या. ग्लासच्या संगीतात कॉर्ड फार सावकाश बदलतो, तेच आवर्तन फिरत राहतं, म्हणून तिथे रागाला बसायला जागा मिळते. ही रेकॉर्ड निम्मी मला फार आवडते. उरलेली निम्मी वातानुकूलित.

आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, राय कूडर यांची स्लाइड गिटार, १९९३. ध्वनिमुद्रणाआधी दोघांची ओळख जेमतेम तासाभराची. कॅलिफोर्नियातलं एक प्रार्थनाघर, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारी यंत्रं, तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी, आणि कूडर यांचा लहान मुलगा दुंबेक या तालवाद्यावर. दोघांच्याही हातात तारेवर सरकणारा तुकडा, म्हणजे दोघांनाही मिंड ठाऊक; भाषा वेगळ्या पण उच्चार एक. त्या रेकॉर्डमध्ये तिसरा वादक आहे तो त्या वास्तूचा घुमारा. सूर संपतो आणि भिंती तो थोडा वेळ धरून ठेवतात, मग दुसरा सुरू करतो. कूडर पुष्कळदा नुसते वाट बघतात. वाट बघणं ही साथीतली सर्वांत अवघड गोष्ट, हे कुठल्याही सारंगिये-पेटीवाल्याला विचारा. हे मैफलीत कळलंच असतं असं नाही. रेकॉर्डमध्ये कळतं, कारण मायक्रोफोन कुठे ठेवला हाही तिथे संगीताचाच भाग असतो. आमच्याकडे मायक्रोफोनबद्दल लिहिलं जातं ते फक्त तो बंद पडला की.

या कॅसेटची दुकानातली गोष्ट सांगायला हवी. मी ती इंग्रजी खणात ठेवली होती, मायकल जॅक्सनच्या शेजारी. दीड वर्षं धूळ खात पडली. एका रविवारी कंटाळून शास्त्रीयमध्ये सरकवली, आणि आठवड्याभरात तीनही प्रती गेल्या. खण बदलला की कान बदलतो. ग्रॅमीवाल्यांचंही तेच. रविशंकर आणि येहुदी मेनुहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला १९६८ ला पारितोषिक मिळालं ते चेंबर म्युझिकच्या गटात, म्हणजे मोझार्ट-बीथोवनच्या पंगतीत. १९९२ पासून ‘वर्ल्ड म्युझिक’ असा वेगळा खण निघाला आणि आपली मंडळी तिकडे बसू लागली. २०२० ला पाटी बदलून ‘ग्लोबल’ झाली. पंगत तीच, बाहेरच्या ओसरीवरची. यावर आपल्याकडच्या एखाद्या समीक्षकानं तरी ‘का हो?’ म्हणायला हवं होतं. आपण बक्षिसं मोजत बसलो.

पूर्वी असं नव्हतं, हे मी नुसतं जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही. केशवराव भोळे ‘एकलव्य’ नावानं गवयांवर लिहायचे आणि ‘प्रभात’मध्ये चालीही बांधायचे. ‘संत तुकाराम’चं संगीत त्यांचं, आणि पुढच्याच वर्षी ‘कुंकू’, ज्यात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. अभंग बांधणारा माणूस इंग्रजी कविता गाऊन घ्यायला बिचकत नव्हता, आणि लेखणी हातात घेतली की कोणाला सोडत नव्हता. वामनराव देशपांडे धंद्यानं चार्टर्ड अकाउंटंट, पण घराण्यांचा ताळेबंद मांडला तो आधी स्वतः शिकून. अशोक रानडे यांना नाट्यगीत, लोकसंगीत, सिनेगीत काहीच वर्ज्य नव्हतं. ही मराठीतली माणसं. इंग्रजीतून उसनं आणायची गरज नाही, घरात भांडी आहेत, फक्त फडताळात वर ठेवलीत.

फ्यूजनच्या नावाखाली बाजारात काय काय येतं ते मीच बावीस वर्षं विकलंय, तेव्हा मला भोळा समजू नका. मागे मशीनचा तंबोरा, पुढे ड्रम, मध्ये द्रुत सरगम, आणि शेवटी सगळ्यांची एकदम तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा. तिहाई समेवर पडली की टाळ्या. या असल्या मालाला तुम्ही नावं ठेवा, माझी हरकत नाही. उलट नावं ठेवा हीच विनंती, पण नाव घेऊन आणि मिनिट-सेकंद सांगून. तिहाईच्या आधीच्या सात मिनिटांत कोणी कोणाचं ऐकलं का, ते लिहा. २०१५ ला झाकीर हुसेन यांनी मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, लिहिला, नाव ‘पेशकार’. पेशकार म्हणजे तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात, जिथे वादक ठेका उलगडत, अंदाज घेत, मनात येईल तसा वळतो. ऐंशी-नव्वद माणसं समोरचा कागद वाचून वाजवतायत आणि एक जण मनचं वाजवतोय, या दोघांची गाठ घालायची कशी? हा प्रश्न मुंबईत उभा राहिला. त्यावर मराठीत तबलजींनी, त्यांच्या शिष्यांनी, कोणीतरी भरभरून लिहायला नको होतं?

अजून एक व्यावहारिक गोष्ट. कॅसेटच्या आत इनले कार्ड, म्हणजे माहिती छापलेला कागद, असायचं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ म्हटलं की शिवकुमार, हरिप्रसाद, ब्रिजभूषण काब्रा सगळ्यांना पाठ. पण कार्ड उलटलं की माणिकराव पोपटकर हे तबल्याचं नाव वाचायला मिळायचं. १९६७ ची ही रेकॉर्ड आज लोक फोनवर ऐकतात आणि तिथे कार्ड नाही. साथीदार कोण, ध्वनिमुद्रण कोणाचं, कुठल्या वर्षीचं, काही पत्ता लागत नाही. परवा माझ्या नातवानं मला एक ‘नवीन’ बासरी ऐकवली, ती माझ्याहून फार लहान नसावी. कार्डाचं काम आता तुमच्या रकान्याला करावं लागेल.

मागणी मोठी नाही. महिन्यातून एक रकाना. एक रेकॉर्ड, नवी किंवा जुनी, शास्त्रीय किंवा मिश्र, तीनदा ऐकलेली. लिहिणारा तबलजी असो, ध्वनिमुद्रक असो, सतार करणारा असो. प्राध्यापकच पाहिजे असं नाही. मुलाखत नको, फोटोही लहान चालेल.

कोणाला लिहायचं असेल आणि ऐकायला काही नसेल तर माझ्या माळ्यावर अकरा खोकी आहेत, इनले कार्डांसकट. दुपारी चारनंतर या. टेपरेकॉर्डर अजून चालतो. फक्त पुढे पळवायचं बटण तुटलंय, त्यामुळे साइड ए सुरुवातीपासून ऐकावी लागते.

आपला,
एक निवृत्त कॅसेटवाला
मिरज